स्थानिक इंडी रॉक गिगला जाण्याची रीत: तिकिटापासून दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत

मोठ्या मैदानावरच्या कॉन्सर्टची सवय असलेला श्रोता शंभर-दीडशे माणसांच्या खोलीतल्या गिगलाही, म्हणजे बँडच्या छोट्या मैफलीलाही, त्याच हिशेबाने जातो आणि तिथेच फसतो. मुख्य बँडची वेळ धरून तो उशिरा पोहोचतो, स्टेजला खेटून उभा राहतो, गायकाचा शब्द कळत नाही म्हणून साउंड इंजिनिअरला नावे ठेवतो, शेवटचे गाणे संपताच दाराकडे वळतो आणि रात्री कानात शिट्टी घेऊन झोपतो. यातल्या सगळ्या चुका मी स्वतः केलेल्या आहेत, काही तर पुन्हा पुन्हा. छोट्या खोलीत श्रोता हा नुसता पाहणारा नसतो. तिथला आवाज, तिथली जागा आणि त्या रात्रीचा जमाखर्च या तिन्हींत त्याचा वाटा असतो. म्हणून पुढे दिलेला क्रम शक्यतो मोडू नये.

१. दोन-तीन दिवस आधी: पोस्टर नीट वाचणे

पोस्टरवर सर्वांत वरचे किंवा सर्वांत मोठ्या अक्षरातले नाव बहुधा शेवटी वाजवणाऱ्या बँडचे असते आणि सर्वांत खालचे नाव सर्वांत आधी वाजवणाऱ्याचे. वेळेचे मात्र बरेच जण चुकीचे वाचतात. पोस्टरवर छापलेली वेळ पुष्कळदा दार उघडण्याची असते. पहिला बँड त्यानंतर अर्ध्या ते एका तासाने सुरू होतो. आयोजक आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी दुपारी प्रत्येक बँडची नेमकी वेळ समाजमाध्यमांवर टाकतात. ती पाहूनच निघावे.

यादीतल्या प्रत्येक बँडची दोन-तीन गाणी आधी ऐकून जावे. फक्त मुख्य बँडची नव्हे. रॉकमध्ये, त्यातही मोठ्या आवाजात, पहिल्यांदा ऐकलेल्या गाण्यात कानाला आधी ढोल आणि गिटारच सापडते, चाल नंतर सापडते. एकदा ऐकलेले गाणे असेल तर गोंगाटातूनही ते ओळखू येते आणि त्याचा आनंद दुप्पट होतो. मात्र अख्खा अल्बम पाठ करून जाण्याची गरज नाही, कारण स्थानिक बँड आपली नवी, अजून रेकॉर्ड न झालेली गाणी पुष्कळदा अशाच मैफलींत आजमावून पाहतात.

तपासणी: वयाची अट, उभे राहायचे की बसायचे, व्हीलचेअरसाठी वाट आहे का आणि झगमगणारे स्ट्रोब दिवे वापरणार आहेत का, हे आधीच विचारून घ्यावे. फिट येण्याचा त्रास असणाऱ्यांनी शेवटचा प्रश्न संकोच न करता विचारावा. उत्तर न आल्यास दिवे असणारच असे धरून चालावे.

२. तिकीट: आधी घेणे, आणि स्वतःचे घेणे

खोलीचे भाडे, साउंड इंजिनिअरचे मानधन आणि भाड्याने आणलेल्या सामानाचे पैसे हा आयोजकाचा ठरलेला खर्च असतो. तो निघाल्यावर दारावरच्या जमेतून जे उरते ते बँडमध्ये वाटले जाते. आगाऊ तिकिटे विकली गेली नाहीत, तर आदल्या दिवशी आयोजकाच्या पोटात गोळा येतो आणि कधी कधी गिगच रद्द होते. ‘मी तर येणारच होतो, दारावर घेतले असते,’ असे नंतर म्हणणारे बरेच असतात. त्यांच्या मनातला बेत आयोजकाला कळण्याचा काही मार्ग नसतो.

बँडमध्ये मित्र असला म्हणून फुकट यादीत नाव घालायला सांगू नये. चौघांच्या बँडने प्रत्येकी पाच मित्र फुकट आत घेतले, तर खोलीतली वीस माणसे हिशेबातून गेली, आणि तोटा बँडमधल्या आपल्याच मित्राचा होतो.

काही ठिकाणी दारावर ‘कोणत्या बँडसाठी आलात?’ असे विचारतात. हा गप्पांचा विषय नसतो. उत्तराची रेघ एखाद्या वहीत त्या बँडच्या नावापुढे ओढली जाते आणि त्यावरून वाटा ठरतो. अशा वेळी खरे आणि स्पष्ट नाव सांगावे.

३. निघण्यापूर्वी: खिशात काय असावे

पिशवी शक्यतो नकोच. पाठीवरची सॅक गर्दीत मागच्या माणसाच्या छातीवर आदळत राहते आणि खाली ठेवली तर पायात येते. तिकीट, ओळखपत्र, चार्ज केलेला फोन, मर्च टेबलसाठी (जिथे बँड आपले टी-शर्ट, कॅसेट विकतो) थोडी सुटी रोकड आणि कानांचे प्लग एवढे पुरते. बूट बंद आणि लेसची गाठ दुहेरी असावी. चपला किंवा सँडल घालून गेलेल्याची बोटे पहिल्या जोरकस गाण्यातच चिरडतात.

यातील प्लगविषयी सविस्तर सांगावे लागेल, कारण सर्वांत जास्त निष्काळजीपणा इथेच होतो.

आवाजाची मर्यादा केवळ तो किती मोठा आहे यावर नसते, तो किती वेळ ऐकला यावरही असते. अमेरिकेतील ‘नायॉश’ या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेची शिफारस अशी आहे की ८५ डेसिबल आवाजात दिवसाचे आठ तास घालवता येतात, आणि पुढे दर ३ डेसिबलना ही मुदत निम्मी होते. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक तास, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला केवळ पंधरा मिनिटे. छोट्या खोलीत पूर्ण बँड वाजत असताना १०० च्या आसपासचा आवाज ही नेहमीची गोष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी जो मानदंड जाहीर केला, त्यातही पंधरा मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबल ही वरची सीमा ठेवली आहे. तीन बँडच्या संध्याकाळी उघड्या कानांनी दोन-अडीच तास उभे राहणाऱ्याने स्वतःच हिशेब करावा.

प्लग दोन प्रकारचे मिळतात. फोमचे स्वस्त असतात आणि आवाज पुष्कळ कमी करतात, पण वरच्या पट्टीतला आवाज जास्त कापत असल्यामुळे झांजा आणि गायकाचे शब्द बोथट ऐकू येतात. संगीतासाठी बनवलेले, आत छोटी गाळणी असलेले प्लग सगळ्या पट्ट्या साधारण सारख्या प्रमाणात खाली आणतात, आणि ते धुऊन वर्षानुवर्षे वापरता येतात. महिन्यातून एकदा जरी गिगला जात असाल तरी दुसऱ्या प्रकारावर पैसे घालवणे योग्य, असे माझे मत आहे. कापूस किंवा टिश्यूचा बोळा यांचा उपयोग जवळजवळ नसतो. उलट आपण कान झाकले आहेत या समजुतीने माणूस स्पीकरच्या अधिकच जवळ जातो.

फोमचा प्लग घालण्याची कृती अशी आहे. स्वच्छ बोटांनी तो वळून सुरकुती न पडता दोरीसारखा बारीक करावा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची वरची कड वर आणि मागे ओढावी, म्हणजे आतली वाकडी वाट सरळ होते. प्लग आत सरकवून तो फुगेपर्यंत, साधारण वीस-तीस सेकंद, बोटाने धरून ठेवावा. बहुतेक जण कान ओढत नाहीत आणि धरूनही ठेवत नाहीत. मग प्लग कानाच्या तोंडाशीच अडकून राहतो आणि ‘याने काही होत नाही’ असा निष्कर्ष निघतो.

तपासणी: आवाज चालू असताना दोन्ही तळहात कानांवर घट्ट झाकावेत आणि काढावेत. फारसा फरक जाणवला नाही तर प्लग नीट बसला आहे. बराच फरक जाणवला तर बाहेर काढून पुन्हा घालावा. हे पहिल्या गाण्याच्या आधी करावे, कान बधिर झाल्यावर नव्हे.

४. पोहोचणे: पहिल्या बँडच्या आधी आत असणे

उशिरा येण्याने पहिल्या बँडचा सेट, म्हणजे त्याच्या वाट्याची सलग गाणी, बुडतो, हे तर आहेच. पण ध्वनीच्या दृष्टीनेही त्याचे नुकसान होते. साउंड चेक, म्हणजे कार्यक्रमाआधी प्रत्येक बँडचा आवाज जुळवून पाहणे, बहुतेक ठिकाणी उलट्या क्रमाने होतो. शेवटी वाजवणारा बँड आधी आणि सर्वांत आधी वाजवणारा शेवटी, म्हणजे त्याचे सामान स्टेजवर तसेच ठेवून सुरुवात करता येते. दुपारी वेळ घसरला की कात्री लागते ती याच शेवटच्या चेकला. त्यात रिकामी खोली घुमते, भिंती आणि फरशी आवाज परत फेकतात. माणसांची शरीरे आणि कपडे तो शोषून घेतात. त्यामुळे पंधरा माणसांपुढे वाजवणारा बँड साठ माणसांपुढे वाजवणाऱ्या त्याच बँडपेक्षा कर्कश ऐकू येतो. खोलीत नुसते उभे राहूनही श्रोता आवाज सुधारत असतो.

आत गेल्यावर आधी स्टेजकडे नव्हे, तर दारांकडे पाहावे. आपण आलो ते दार सोडून बाहेर पडण्याची दुसरी वाट कुठे आहे, ती खुर्च्या किंवा सामानाच्या खोक्यांनी अडली आहे का आणि ती कोणत्या बाजूला उघडते, एवढे एका मिनिटात कळते. २० फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात ‘द स्टेशन’ या नाइटक्लबमध्ये रॉकचा कार्यक्रम चालू असताना स्टेजवरच्या फटाक्यांनी भिंतीवरच्या फोमने पेट घेतला आणि १०० माणसे दगावली. इतर वाटा असूनही बहुतेक लोक ज्या दाराने आत आले होते त्याच दाराकडे धावले आणि तिथे माणसांचा खच पडला. ३० ऑक्टोबर २०१५ रोजी रोमानियाच्या बुखारेस्टमधल्या ‘कोलेक्टिव्ह’ क्लबमध्ये लागलेल्या आगीतही असेच फटाके आणि असाच फोम होता.

सूचना: बंद खोलीत स्टेजवर ठिणग्या किंवा ज्वाळा उडवल्या जात असतील, किंवा दुसरी वाट कुलूपबंद दिसली, तर तिकिटाचे पैसे गेले असे समजून बाहेर पडावे. या एका बाबतीत भिडस्तपणा नको.

५. उभे कुठे राहावे

छोट्या खोलीत आवाज दोन ठिकाणांहून येतो आणि हे लक्षात न घेतल्यामुळेच ‘साउंड खराब होता’ ही तक्रार जन्मते. ढोल आणि गिटारचे अँप (गिटारचा आवाज मोठा करणारे स्पीकरचे खोके) स्टेजवरूनच, थेट, भरपूर मोठे वाजतात. गायकाचा आवाज मात्र स्टेजच्या दोन्ही बाजूंना उभ्या केलेल्या, श्रोत्यांकडे तोंड केलेल्या मोठ्या स्पीकरमधूनच काय तो येतो. स्टेजच्या कडेला मधोमध उभा राहिलेला माणूस त्या स्पीकरच्या रोखाबाहेर असतो. त्याला ढोल आणि गिटार अंगावर आल्यासारखी ऐकू येतात आणि गायक दिसतो, पण ऐकू येत नाही. गिटारच्या अँपचा प्रकार आणखी वेगळा आहे. त्यातला तीव्र, टोकदार आवाज विजेरीच्या झोतासारखा सरळ पुढे जातो. अँप जमिनीवर असेल तर तो झोत वादकाच्या पोटऱ्यांवरून पहिल्या रांगेतल्या एकाच कुणाच्या तरी छाती-कानांवर पडतो. तो माणूस बधिर होतो आणि त्याच्या शेजारी दोन पावलांवर असलेल्याला तीच गिटार मंद वाटते.

म्हणून चांगल्या आवाजाची जागा सोपी आहे: साउंड इंजिनिअरचे मिक्सर (सगळे आवाज कमी-जास्त करण्याचे यंत्र) जिथे असेल त्याच्या थोडे पुढे किंवा शेजारी, खोलीच्या मधल्या रेषेत. त्या माणसाने सगळे आवाज आपल्या कानाला जुळतील असे लावलेले असतात, तेव्हा त्याच्या कानाजवळ आपला कान नेला की झाले. मिक्सर एखाद्या कोपऱ्यात कोंबलेले असेल तर हा नियम मोडतो. मग मधल्या रेषेत खोलीच्या अर्ध्याच्या किंचित मागे उभे राहावे. भिंती आणि कोपरे टाळावेत, कारण खर्जाचा आवाज तिथे साठतो आणि बास गिटार नुसती घुमघुम होते. सज्जाखालीही वरच्या पट्ट्या दबतात.

पुढे उभे राहण्यात गैर काही नाही. वादकाची बोटे, त्याच्या पायाशी फळीवर चिकटवलेल्या, गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडलांचे लाल-हिरवे ठिपके, ड्रमरने गाणे सुरू करण्याआधी घेतलेला श्वास, हे सगळे तिथूनच दिसते. मी स्वतः पहिल्या बँडला पुढे आणि मुख्य बँडला मिक्सरपाशी उभा राहतो. पहिल्या बँडला समोर मोकळी फरशी पाहत वाजवावे लागू नये, एवढाच त्यामागचा हेतू.

तपासणी: हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना ओरडावे लागत असेल, तर आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला आहे असे धरावे आणि प्लग कानात असल्याची खात्री करावी.

६. सेट चालू असताना

स्टेज हे टेबल नव्हे. स्टेजच्या कडेवर, अँपवर किंवा स्पीकरवर पेला, बाटली, जाकीट काहीही ठेवू नये. एकदा मी पाण्याचा पेला जमिनीवरच्या खर्जाच्या स्पीकरवर ठेवला होता. बासच्या प्रत्येक सुरागणिक तो केसभर पुढे सरकत होता आणि मी गाण्यात गुंग होतो. दुसऱ्या गाण्याच्या शेवटी तो कडेवरून विजेच्या पट्टीवर पडला, स्टेजची एक बाजू अंधारली, आणि पट्टी बदलेपर्यंत बँडच्या तीस मिनिटांच्या सेटमधली आठ मिनिटे गेली. ती भरून मिळत नाहीत, कारण पुढच्या बँडची वेळ ठरलेली असते.

बोलायचे असेल तर मागे किंवा बाहेर जाऊन बोलावे. मोठ्या आवाजाच्या गाण्यात कुणाचे बोलणे कळत नाही असे वाटते, पण गाणे अचानक शांत वळणावर येते तेव्हा खोलीभर ऐकू जाते ते आपलेच अर्धे वाक्य. सूर लावणे चालू असताना ‘ते जुने वाजवा’ अशी आरोळी एकदा चालते, तिसऱ्यांदा नाही.

काही बँडच्या गाण्यांत पुढच्या भागात धक्काबुक्कीचा खेळ सुरू होतो, ज्याला मॉश पिट म्हणतात. त्यात शिरायचे नसेल तर दोन पावले बाजूला सरकावे. मधोमध फोन धरून उभे राहून चिडू नये. शिरायचे असेल तर चष्मा, लोंबते कानातले आणि खिशातल्या टोकदार वस्तू आधी काढाव्यात, कोपरे खाली ठेवावीत आणि जो आत आलेला नाही त्याला ओढू नये. कुणी पडला तर जवळच्या सर्वांनी थांबून त्याला उचलायचे, हा या खेळाचा पहिला नियम आहे, आणि तो न पाळणाऱ्यांबरोबर खेळू नये. गर्दीचा फायदा घेऊन कुणी अंगचटीला जात असेल, तर साउंड इंजिनिअरला किंवा दारावरच्या माणसाला लगेच सांगावे. गाणे थांबले तरी चालेल.

सूचना: हात छातीसमोर आणता येत नाहीत इतकी दाटी झाली, तर ती मजा राहिलेली नाही. चौरस मीटरमागे पाच माणसांच्या पुढे धोका सुरू होतो. हात मुष्टियोद्ध्यासारखे छातीपुढे धरून, गर्दीच्या लाटेला विरोध न करता, ती ओसरत असताना तिरके कडेकडे सरकत बाहेर यावे.

७. फोन

एका गाण्याचे चित्रण पुरते. छातीच्या उंचीवर फोन धरावा, पडद्याचा उजेड कमी करावा आणि फ्लॅश बंद आहे हे घरूनच पाहून यावे. पुढून केलेल्या चित्रणात आवाज फाटतो, कारण एवढा दाब फोनच्या मायक्रोफोनला पेलत नाही. मिक्सरजवळून केलेले चित्रण ऐकण्याजोगे निघते. नवे, प्रकाशित न झालेले गाणे समाजमाध्यमांवर टाकण्याआधी बँडला विचारावे.

८. दोन बँडच्या मध्ये

या पंधरा ते तीस मिनिटांत एक बँड सामान उतरवत असतो आणि दुसरा चढवत असतो. वादकाला मिठी मारायची, नाव विचारायचे, पेडल कोणते ते विचारायचे, यांपैकी कशासाठीही ही वेळ नाही. त्याच्या हातात झांजांचे स्टँड असते आणि मागे कुणीतरी घाई करत असते. आपण या वेळेत शांत जागी जाऊन कानांना विश्रांती द्यावी आणि पाणी प्यावे. पहिल्या बँडचे मित्र याच वेळी एकगठ्ठा निघून जातात, ही छोट्या गिगची जुनी दुखरी बाजू आहे. तुम्ही तसे मित्र असाल तर निदान पुढच्या बँडची तीन गाणी थांबावे.

९. शेवटच्या गाण्यानंतर: मर्च टेबल

मुख्य बँड संपल्यावर वादकांना दहा-पंधरा मिनिटे द्यावीत. ते सामान आवरून मर्च टेबलपाशी येतात, आणि बोलण्याची खरी जागा तीच. ‘मस्त वाजवलंत’ यापेक्षा कोणते गाणे, त्यातले काय आवडले, असे नेमके सांगितलेले त्यांच्या लक्षात राहते. स्टेजवर चिकटवलेली सेटलिस्ट, म्हणजे गाण्यांच्या क्रमाचा कागद, हवी असेल तर मागून घ्यावी; फाडून नेऊ नये, कारण कधी कधी तोच कागद पुढच्या गिगलाही लागतो.

परवडत असेल तर काहीतरी विकत घ्यावे. स्पॉटिफायने २०२४ पासून मागच्या बारा महिन्यांत १,००० पेक्षा कमी वेळा वाजलेल्या गाण्याच्या रेकॉर्डिंगचे मानधन देणे बंद केले आहे, आणि अनेक स्थानिक बँडची गाणी या रेषेच्या खालीच असतात. टेबलावर विकला गेलेला टी-शर्ट किंवा कॅसेट यांचे पैसे मात्र सहसा त्याच रात्री बँडच्या हातात पडतात. खिसा रिकामा असेल तर घरी जाऊन बँडकॅम्प या गाणी विकणाऱ्या संकेतस्थळावर घेता येते. तिथे संकेतस्थळाचा स्वतःचा वाटा वस्तूंवर १० टक्के आणि डिजिटल विक्रीवर १५ टक्के एवढाच असतो. घासाघीस करू नये. मापाचा टी-शर्ट नसेल तर नाव लिहून ठेवायला सांगावे.

१०. घरी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी

बाहेर पडल्यावर दाराशी उभे राहून मोठ्याने गप्पा मारू नयेत. शेजाऱ्यांची तक्रार बँडवर नव्हे, जागेवर जाते, आणि अशा जागा तक्रारींनीच बंद पडतात. परतीच्या प्रवासात इयरफोन लावू नयेत. कानांना निदान तो दिवस तरी शांतता द्यावी.

झोपताना किंवा सकाळी कानात शिट्टी वाजत असेल, किंवा आवाज कापसातून आल्यासारखे वाटत असतील, तर त्या रात्री आवाज जास्त झाला होता आणि प्लग नीट बसले नव्हते. बहुधा हे एका दिवसात ओसरते, पण ओसरले म्हणजे काही झाले नाही असे नव्हे. दोन दिवसांनंतरही शिट्टी टिकली, किंवा एकाच कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागले, तर वाट न पाहता कानाच्या डॉक्टरांकडे जावे. अचानक गेलेल्या श्रवणावर उपचार जितके लवकर तितके चांगले. आणि त्याच सकाळी गाळणीवाले प्लग कोमट पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, डबीसह पुन्हा त्याच जाकिटाच्या खिशात ठेवावेत, कारण पुढच्या गिगच्या संध्याकाळी ते घरी कुठे ठेवले आहेत हे कुणालाच आठवत नाही.